ताव आणि पाणी

निघण्याआधी पायातल्या रबरी चपला काढा. ठिणगी पडली की त्या वितळून कातडीला चिकटतात. अंगावर सुती कपडे असू द्या, मनगटावरचं घड्याळ घरीच ठेवा. आज तुम्हाला चार भट्ट्यांवर काम आहे. चारही डहाणू-तलासरीच्या आसपासच्या, एका दिवसात फिरून येता येईल इतक्या जवळच्या. पण पहिलीवरून चौथीवर यायला अकराशे वर्षं लागतात. प्रत्येक ठिकाणी तुम्ही परके आणि शिकाऊ असाल, तेव्हा सांगतील ते काम करायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. भट्टीशेजारच्या पाण्याच्या कुंडीवर मात्र नजर ठेवायची. कुठल्या धातूला कुठल्या तावात पाणी दाखवायचं, एवढं कळलं की या धंद्यातलं बरंचसं कळलं.

शक 848, संयान

गाडी डहाणू रोड सोडते. घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड. संजाणला, म्हणजे जुन्या संयानला, तुम्ही पाय खाली टाकता तो फलाटावर पडत नाही, ओल्या चिखलात पडतो. भरती नुकतीच ओसरली आहे. दोन्ही काठांवर माणसं, गाठोडी, बकऱ्या, आणि मधून एक नाव ये-जा करते आहे. तुम्ही कनवटीला हात घालता तर नावाडी मान हलवतो. पैसे नकोत. इथल्या दोन प्रवाहांवरची नाव फुकट आहे आणि पलीकडच्या अन्नछत्रातलं जेवणही. पानावर साळीचा भात, भाजी, वर तूप. तिखट शोधू नका. मिरची अजून समुद्रापलीकडच्या खंडात आहे आणि चिकूही तिथेच. मघाशी खिडकीतून ज्या वाड्या पाहिल्या, त्यांच्या जागी आत्ता ताड, खाजण आणि जंगल आहे.

ही सोय करणारा माणूस मधुमती. तो ताजिक आहे, म्हणजे अरब. बापाचं नाव सहियारहार. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला संयान मंडळाचा कारभार दिला, आणि आता इसवी सन 926 मध्ये, गादीवर तिसरा इंद्र असताना, तो इथला अधिपती आहे. पुढच्या काळातले अभ्यासक म्हणतील की मधुमती म्हणजे मुहम्मद या नावाचं संस्कृत वळण. इथे कोणाला त्याचं अप्रूप नाही. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने भगवतीची मठिका बांधली आहे, आणि तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी, माणसं जेवू घालण्यासाठी मधुमती राजाच्या संमतीने काणाडुक हे गाव लावून देतो आहे. अरब अधिकारी, कानडी मुलखातला राजा, कोकणातली देवी. हे सगळं लक्षात ठेवायचं काम ताडपत्रावर सोपवता येत नाही. या दमट हवेत ते टिकत नाही. म्हणून तांबं.

कल्पनेने इथे एका वडाखाली तांबटाची भट्टी मांडा. तुमच्या वाट्याला भाता येतो. चामड्याचा, दोन पिशव्यांचा. एक दाबली की दुसरी उचलायची, म्हणजे वारा तुटत नाही. पहिल्या घटकेत खांदे भरून येतात. तांबट तुमच्याशी जी भाषा बोलतो ती तुम्हाला अर्धीमुर्धी ओळखीची वाटते, पण कळत नाही. तुम्हाला ती कळण्यावाचून त्याचं अडतही नाही. भाता जोरात हवा की हळू, हे तो भुवईने सांगतो.

निखाऱ्यातून तांब्याची लगड निघते आणि ऐरणीवर येते. पहिले घाव मऊ, बसके. तांबं मुकाट्याने पसरतं. दहा-वीस घावांनंतर आवाज चढू लागतो, पत्रा हातोडीला उलट उत्तर देऊ लागतो. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. आता पुढे ठोकत राहिलं तर कडा चिरतील. म्हणून तो थांबतो, पत्रा पुन्हा निखाऱ्यात सारतो आणि तुम्हाला भाता हळू करायला लावतो. सावलीत बसलेल्या माणसालाच दिसेल इतकाच मंद लाल रंग चढला, की सांडशीने उचलून पत्रा थेट कुंडीत.

पाणी ओरडतं. काळी खपली उडते, आणि वर येतो तो गुलाबी पत्रा दोन बोटांनी वाकेल इतका मऊ. तुम्ही दचकता, कारण तुमच्या डोक्यात बसलेलं आहे की तापवून पाण्यात घातलं की धातू कडक होतो. तांब्याचं तसं नाही. त्याला मऊ केलं ते तावाने. पाण्याने फक्त खपली काढली आणि ते हाती धरण्याइतकं निववलं. पुन्हा ठोकायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा पाणी. एका पत्र्यामागे हे किती वेळा होतं ते मोजायला तुम्हाला उसंत नसते.

मग पत्रा चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करतात. चारी कडा किंचित वर उचलतात, म्हणजे एकावर एक पत्रे ठेवले तरी अक्षरं घासली जाऊ नयेत. एका बाजूला भोक, त्यातून कडी जाणार आणि कडीवर मुद्रा बसणार. एक लेखक येतो, शाईने ओळी लिहून देतो. तांबट ती अक्षरं बारीक छिन्नीने खोदू लागतो. त्याला संस्कृत कळतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही. हात मात्र प्रत्येक वळणावर ठाम आहे. एक अक्षर चुकतं. तो ते खोडत नाही, पत्रा उलटा धरून, ठोकून जागा सपाट करतो आणि पुन्हा खोदतो. तांबं मऊ असल्याची ही कमाई: चूक दुरुस्त होते, आणि एकदा बरोबर झालं की हजार वर्षं हलत नाही.

हा पट 1955 साली चिंचणीत पुन्हा उजेडात येईल. दिनेशचंद्र सरकार तो वाचतील आणि ‘एपिग्राफिया इंडिका’त छापतील. त्याच गावातल्या दुसऱ्या एका पटात, शक 956 मधल्या, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याच मठिकेला तेलाचा घाणा देतो: देवीपुढच्या दिव्यासाठी आणि बाहेरून येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायला. नावेचं भाडं, पानातलं तूप, पायाचं तेल. राजांच्या पराक्रमाचे श्लोक कुठल्याही ताम्रपटात भेटतात. या पटांमधून एक गाव कसं नांदत होतं ते कळतं.

ऑक्टोबर 1945, तलासरीच्या रानात

पूर्वेला वळा. समुद्र मागे राहतो, जमीन चढू लागते. पाऊस गेला आहे, हवा अजून ओली आहे, आणि गवत छातीपर्यंत वाढलं आहे. एरवी या दिवसांत पहाटेपासून विळ्यांची करकर ऐकू यायला हवी. हे गवत कापून, दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. आज रान गप्प आहे. वारल्यांनी कापणीला हात लावलेला नाही. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या, मग विळा चालेल, असं त्यांनी जमीनदारांना सांगितलं आहे.

लोहाराची भट्टी म्हणजे जमिनीतला खड्डा, मागे मातीची बुटकी भिंत आणि एका खोडात रोवलेली ऐरण. घण मारायचं काम त्याच्या बायकोचं. आज तिच्या अंगात ताप आहे म्हणून घण तुमच्या हातात येतो. पद्धत समजून घ्या. लोहाराच्या हातात लहान हातोडी. ती जिथे टेकते तिथे तुमचा घण पडायचा, तिथेच आणि तेवढ्याच जोराने. त्याने हातोडी नुसत्या ऐरणीवर खणकन वाजवली की तुम्ही थांबायचं. तो तोंडाने काही बोलत नाही, आणि तुम्ही लोखंडाकडे न बघता त्याच्या हातोडीकडे बघत राहता.

लोखंड म्हणजे जंगल ठेकेदाराच्या लॉरीचा मोडका पाटा. लढाई नुकतीच संपली आहे, नवी पट्टी बाजारात मिळत नाही, आणि मिळाली तरी लोहार ती घेणार नाही. पाट्यात दम असतो, असं तो म्हणतो. त्याच्या भाषेतला दम म्हणजे पोलादातला कर्ब. कोळसा काथोड्यांनी भाजलेला. भट्टी लावावी तर त्यांनीच, हे या रानात सगळे मानतात. पाटा केशरी झाला की तुम्ही त्याला लांबवता, तो त्याला बाक देतो. मग विळा राखेत पुरून ठेवतात. हळूहळू निवाला की तो मऊ राहतो आणि छिन्नीने त्याला दाते पाडता येतात. आतल्या धारेवर एकसारखे, तिरपे, बारीक दाते. नुसत्या गुळगुळीत धारेवरून गवत सटकतं.

आता पाणी. विळ्याची फक्त धार लाल करून तो ती कुंडीत धरतो, पाठ वर, कोरडी. तांब्याच्या उलट इथे घडतं. धार इतकी कडक होते की कानस तिच्यावरून घसरते. तुम्हाला वाटतं काम झालं. त्याचं खरं काम आता सुरू होतं. दगडाने तो धारेचा काळेपणा घासून काढतो आणि विळा डोळ्यांसमोर धरून बसतो. गरम पाठीतली उष्णता धारेकडे सरकते आणि उजळलेल्या पोलादावर रंग चालू लागतात: गवती पिवळा, तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेला टेकला त्या क्षणी सबंध विळा पाण्यात.

“पिवळ्यावर सोडला तर दगडाला लागून दाते उडतील,” तो म्हणतो. “निळ्यावर गेला तर दुपारी बोथट.”

इतक्यात एक वारली पोरगा येतो. कंबरेच्या आकडीत कोयता, हातात सोटा. त्याला विळ्याला पाणी द्यायचं नाही. तारप्याचे दिवस आहेत. नाचात पुढे राहणारा गडी जी खुळखुळणारी काठी जमिनीवर आपटतो, तिला चकत्या हव्या आहेत. संप आहे, हाताला काम नाही, निदान नाच तरी होऊ दे. लोहार एका फुटक्या पिंपाची पट्टी काढतो. हे लोखंड मऊ, बिनदमाचं. चकत्या कापायच्या, मधोमध सुंभ्याने भोक पाडायचं, कडा गोल करायच्या. तुम्ही भोक कडीच्या मापाचं पाडता आणि तो चकती फेकून देतो. भोक ढिलं हवं. घट्ट बसलेली चकती वाजत नाही. हत्यारात जे ढिलेपण चालत नाही त्यावरच हा दागिना उभा आहे. या चकत्यांना पाणी द्यायचं कारण नाही, आणि तो देतही नाही.

काम चालू असताना पोरगा बोलत राहतो. जानेवारीत काही वारली टिटवाळ्याच्या किसान परिषदेला जाऊन आले. 23 मेला झरीला सभा झाली, हजारो माणसं आली. तिथे ठरलं, वेठ नाही, लग्नगडी नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जन्मभर सावकाराच्या घरी राबायचं, ते बंद. हे सगळं उभं करणारे किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाईंना तो ‘गोदाराणी’ म्हणतो. त्याने झेंडा पाहिला आहे, लाल, वर विळा आणि हातोडा.

लोहार पहिल्यांदा मान वर करतो. त्यानेही पाहिला आहे. “विळ्याला दाते काढलेले नाहीत,” तो म्हणतो. “तसल्या विळ्याने गवत कापून दाखवा म्हणावं.”

पोरगा हसत निघून जातो, काठी वाजवत. तुम्हाला ठाऊक आहे की 10 ऑक्टोबरला, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा उठेल, तलवाड्याला हजारो वारली जमतील आणि पोलीस गोळीबार करतील. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात जातील. पुढे दर वर्षी त्या तारखेला तलासरीत माणसं जमत राहतील. ठरल्याप्रमाणे तुम्ही काही बोलत नाही, आणि न बोलण्याचं ओझं घणापेक्षा जड आहे. लोहार पुढचा विळा उचलतो. संप आज ना उद्या मिटेल, म्हणतो. गवत तर कापावंच लागणार आहे.

चिंचणी, 1985

आता दक्षिणेला, किनाऱ्याने. डहाणू तालुक्याच्या खालच्या टोकाला चिंचणी. खाडीपलीकडच्या तारापूरला 1969 पासून अणुवीज केंद्र चालू आहे, पण या गल्लीत ऐकू येते ती टुकटुक. सुतारपक्ष्याने लोखंडाचं झाड गाठलं असावं तशी. ती प्रत्येक घरातून येते. ओसरीवर, माजघरात, माळ्यावर, खिडकीपाशी एकेक माणूस डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या ठोकळ्यावर वाकलेला आहे. इथे दागिन्यांच्या डाय बनतात. धंद्याचं नावही तसंच, डायमेकिंग.

काका तुम्हाला शेजारी बसवतात. काकी चहा ठेवतात आणि बजावतात की कप ठोकळ्यापासून लांब ठेव. या घरात सोन्याचा कण नाही. सोने नियंत्रण कायदा अजून लागू आहे, 1990 साली तो जाईल. पण कायदा नसता तरी इथे सोनं नसतंच. मुंबईच्या झवेरी बाजारातून येते ती कागदावरची नक्षी, आणि परत जातं ते पोलाद. सोनार त्या पोलादावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवतो, वरून दाब देतो, आणि पत्रा नक्षीत उतरतो. अर्धा मणी असा आणि अर्धा तसा, दोन्ही डाखाने जोडले की पोकळ मणी तयार. बोरमाळेचा मणी आतून लाखेने भरतात, म्हणून तो हाताला भरीव लागतो. पुतळ्यांच्या माळेतली लक्ष्मी, कोल्हापुरी साजातली पानं, मंगळसूत्राच्या वाट्या, सगळं असंच. थोड्या सोन्यात भरगच्च दिसणारा दागिना मध्यमवर्गाच्या गळ्यात आला तो डायमुळे. ज्या घरात चार तोळे जमायला दहा वर्षं लागतात, तिथे पातळ पत्र्याने संसार सोपा केला.

ठोकळा काकांकडे येतो तेव्हा आधी मऊ केलेला असतो. लाल तापवून, राखेत पुरून, रात्रभर निववलेला. तलासरीचा लोहार दाते पाडण्याआधी करत होता तेच, फक्त जास्त सबुरीने. मग त्याचं तोंड घासून आरसा करायचं, त्यावर नक्षी रेखायची आणि खोदायला लागायचं. छोट्या छिन्न्या, सुंभे, कानशी, सगळी हत्यारं काकांनी स्वतः घडवलेली. बाजारात मिळणारी छिन्नी दुसऱ्याच्या हाताची असते, असं त्यांचं म्हणणं.

डोकं गरगरतं ते उलटेपणाने. दागिन्यात जे वर यायचं ते इथे खोल. लक्ष्मीचा उजवीकडे दिसणारा हात इथे डावीकडे. तिचं नाक म्हणजे सर्वांत खोल खड्डा. अक्षर असेल तर ते आरशातलं. काका हे सगळं उलट वाचत नाहीत, त्यांना ते सुलट दिसतं. तुम्हाला ते मेणाचा गोळा देतात. दर थोड्या वेळाने तो खोदकामावर दाबायचा, उचलायचा आणि बघायचं. मेणावर एक बारकी लक्ष्मी उमटते, चेहरा जरा चपटा.

“काय वाटतं?” काका विचारतात.

गाल बसलाय, तुम्ही म्हणता.

“कुठला?”

तुम्ही मेणावरचा उजवा गाल दाखवता. काका ठोकळ्यावरच्या डाव्या बाजूला छिन्नी लावतात, एक केसभर काढतात. पुन्हा मेण. आता गाल भरला आहे. आज तुम्हाला भाताही नाही आणि घणही नाही. तुमचं काम बघण्याचं आहे, आणि ते पहिल्या दोन्हींपेक्षा थकवणारं आहे. ठोकळ्यावर जास्त काढलं गेलं तर ते परत भरता येत नाही. तांबटासारखी उलटून ठोकायची सोय इथे नाही. सबंध तोंड घासून खाली न्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, नाहीतर ठोकळा भंगारात.

संध्याकाळी परसात भट्टी पेटते. आता मऊ ठोकळ्याला कडक करायचं, नाहीतर प्रेसखाली नक्षी चेपेल. खोदलेलं तोंड कोळशाच्या पुडीत झाकून तापवतात, म्हणजे त्यावर खपली धरत नाही. धरली तर लक्ष्मीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. लाल रंग सगळीकडून सारखा चढेपर्यंत काका थांबतात. घाई केली तर बाहेरचा भाग तापतो, गाभा थंड राहतो, आणि तसा ठोकळा तेलात किंवा पाण्यात गेला की तडकतो. आठ-दहा दिवसांचं काम एका आवाजात संपतं. शेजारच्या ओसऱ्यांवरची टुकटुक या वेळी बंद असते. सगळ्यांना माहीत असतं आज कोणाची डाय पाणी घेते आहे.

ठोकळा बुडतो. तडकत नाही. मग पुन्हा थोडं तापवून तो गवती पिवळ्यावर आणतात. विळ्याला जांभळा रंग हवा होता, कारण त्याला दगडाचा मार खायचा होता. डायला मार मऊ सोन्याचा आणि दाब एकसारखा, म्हणून ती पिवळ्यावर थांबवतात, जास्त कडक. रंगातला हा दोन बोटांचा फरक काकांनी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

पुढे संगणकावर नक्षी काढून यंत्राने खोदणं येईल आणि हाताने दिवसचे दिवस चालणारं काम तासांवर येईल. बरेच जण यंत्रं घेतील, बरेच जण धंदा सोडतील. यंत्राला उलटं-सुलटं करायला काहीच लागत नाही. पण ठोकळा आधी मऊ आणि मग कडक, हा क्रम यंत्रालाही चुकवता येत नाही.

घोलवड, आज

चौथी भट्टी तुमची. चिकूच्या वाडीत, घरामागच्या पडवीत. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक जाहीर केला, उद्योगांची लाल, नारिंगी आणि हिरव्या गटांत विभागणी केली आणि लाल गटाला तालुक्यात मनाई केली. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा ठिकाणी लोखंड घडवायचं तर ते घरगुती मापाचं: एक लहान गॅसची भट्टी, एक ऐरण किंवा रुळाचा तुकडा, एक किलोभर वजनाची हातोडी, सांडशी, व्हाइस आणि बादलीभर पाणी. डोळ्यांना चष्मा लावा. दुपारच्या वेळी ठोकाठोक करू नका, शेजारी झोपलेले असतात.

खुंटी बनवा. कपडे किंवा टोपली अडकवायची, टोकाला चिकूचं पान असलेली. त्यासाठी 10 मिलिमीटरची चौकोनी सळई पुरते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती साधी, कमी कर्बाची. भंगारातला पत्रा किंवा पाइप उचलणार असाल तर त्यावर जस्ताचा मुलामा नाही ना, हे आधी पाहा. जस्त तापलं की त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो.

सळईचं टोक केशरी-पिवळं होऊ द्या. ऐरणीवर चारी बाजूंनी ठोकून टोकदार करा. मग टोकापासून तीन बोटं मागे, ऐरणीच्या कडेवर अर्धी ठेवून गळा पाडा. हा पानाचा देठ. गळ्यापुढचा भाग चपटा करा. चिकूचं पान लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, म्हणून मध्ये घाव जास्त, कडांना कमी. लाल रंग गेला की हातोडी खाली ठेवा. काळं पडलेलं लोखंड ठोकण्यात ताकद जाते आणि कडा फाटतात. बोथट छिन्नीने मधली शीर काढा, मग दोन्ही बाजूंना बारक्या शिरा, गरम असतानाच.

आता पीळ. सळईचा मधला भाग सगळीकडून सारखा लाल करा, एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरीकडे पाना लावून एका दमात दोन फेरे फिरवा. जिथे ताव जास्त तिथे पीळ घट्ट पडेल, जिथे कमी तिथे सैल. म्हणजे पिळाकडे बघून कोणालाही सांगता येईल की तुमची भट्टी कुठे गरम होती. पीळ सैल पडला आहे तिथे पुन्हा ताव देता येतो, पण घट्ट भागावर थोडं पाणी ओतून तो आधी निववावा लागतो.

खुंटीला बाक दिलात, मागे स्क्रूसाठी भोक पाडलंत, की सबंध वस्तू बादलीत बुडवा. पाणी ओरडेल, तुम्ही वाट बघाल, आणि काहीच होणार नाही. या लोखंडात कर्ब इतका कमी की ना ते पाण्याने विळ्यासारखं कडक होतं, ना त्याला तांब्यासारखं वरचेवर मऊ करावं लागतं. ते फक्त थंड होतं. खात्री हवी असेल तर लॉरीच्या जुन्या पाट्याचा तुकडा घ्या, लाल करा, पाण्यात घाला, चिंधीत गुंडाळून हातोडीने एक मारा. तो कडाड्याने तुटेल. खुंटीच्या सळईचा तुकडा तसाच करून मारा, तो वाकेल. भंगारवाल्याकडून आणलेल्या कुठल्याही लोखंडाची ओळख अशी दोन मिनिटांत पटते, आणि ती पटल्याशिवाय त्यावर नक्षीचा घाट घालू नये. तांबटाने ती आवाजावरून पटवली, लोहाराने रंगावरून, काकांनी रात्रभर वाट पाहून.

खुंटी पुन्हा थोडी तापवा, लाल नको, मेण टेकवल्यावर धूर निघेल इतकीच, आणि तिला मेण किंवा जवसाचं तेल चोळा. समुद्र जवळ आहे. खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात लाल होतं. पान एका बाजूला झुकलं असेल तर ते घासून सरळ करण्याच्या नादी लागू नका. गॅस चालू आहे तोवर दुसरी सळई भट्टीत सरकवा, आणि या वेळी पानाच्या मधोमध दोन घाव कमी मारा.